हात वर केला, त्याला सलाम वाटला

कोल्हापूर, जानेवारी १९७८, मंगळवार. सरकारी नोकरांचा संप चालूच.

सकाळी आमच्या सरकारी कॉलनीच्या फाटकाशी उभा होतो. उचगावचे कामगार भरून एक टेंपो उतारावरनं आला. ब्रेकचा आवाज ऐकला आणि कळलं, लायनर संपलंय, लोखंडावर लोखंड घासतंय. आरटीओत गाड्या तपासण्यात बारा वर्षं गेली, आता मीही संपावर. हात आपोआप वर गेला. ड्रायव्हरला वाटलं, सलाम केला. त्यानंही हात हलवला. "काय सायेब, मिटला का संप?"

"न्हाय अजून," म्हणालो. गेला. मला त्याला थांबवायचं होतं की नव्हतं?

संध्याकाळी हिनं गॅलरी धुतली आणि खडूची रेघ पुसली गेली. शेजारच्या, बांधकाम खात्यातल्या पाटील ओव्हरसियरनं संपाआधी मारलेली. स्लॅब खालून फुगलाय, रेघेपलीकडं पाय ठेवायचा नाही. त्याला म्हटलं, परत मारा की.

"आता मारली तर कामावर आलो म्हणतील. संपावर हाय मी."

राग यायला हवा होता. आला नाही. सकाळी मी तरी काय केलं? नुसता हात वर.

मग सुमीच्या दप्तरातला खडू घेऊन मीच वाकलो. रेघ कठड्यापासून दोन हातांवर होती की तीन? आठवेना. अंदाजानं मारली. सुमी लगेच रेघेला पाय लावून उभी राहिली.

"बाबा, हितं चालतंय न्हवं?"

"व्हय," म्हणालो. टेंपोवाल्याशी बोललो त्याच आवाजात.