गाडीखालचा कान

दि. ४ मार्च

चि. ताईस,
अ. उ. आ.

फोनवर तू नुसतं बरं चाललंय म्हणतेस आणि मागे यंत्रं टुकटुकतात, म्हणून हे पत्र. भाचा रोज तिकडे गाडी घेऊन येतो, त्याच्याच हाती उत्तर धाड. आई विचारते, डॉक्टरीणबाईंना जेवायला फुरसत आहे का.

ठिणगीकाकाचं पोटाचं ऑपरेशन चांगलं झालं म्हणालात, मग तिसऱ्या दिवशी ताप आणि श्वासाला नळी हे काय? तीस वर्षं माझ्या गॅरेजात वेल्डिंग केलं, सर्दीलाही सुट्टी घेतली नाही. त्याच्या स्टुलावर कुणी बसायला गेलं की मी खेकसतो.

काल तो हिरवा ट्रक आठवला. आवाज कुठून येतो ते शोधताना चार मिस्त्र्यांनी हात टेकले होते. बॉनेटवर कान लावावा तर इंजिन लोण्यासारखं. अखेर गाडीखाली उताणं शिरून गिअरबॉक्सच्या बुडाशी लांब स्क्रूड्रायव्हर टेकवला, दुसरं टोक कानाला, तेव्हा बेअरिंगची घरघर सापडली. त्या दिवसापासून मी कानवाला मिस्त्री झालो, आणि त्याच कानांच्या कमाईवर तू शिकलीस. नीट कान लाव गं पोरी.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
बाबा

दि. ६ मार्च

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

आईला सांगा, जेवते. उभ्याने, पण जेवते.

तुमच्यापासून चूक लपवत नाही. काकांचा एक्स-रे सगळाच धुरकट होता. श्वासाच्या यंत्राच्या आवाजात स्टेथोस्कोपने धड ऐकू येईना. छातीत पाणी धरलं असेल म्हणून ते उतरवायचं औषध चालू होतं. स्कॅनला न्यायचं तर त्यांना हलवणं धोक्याचं. मी खाटेशीच सोनोग्राफीचं छोटं यंत्र आणलं, छाती पुढून तपासली आणि फुफ्फुस मोकळं असं लिहूनही टाकलं. पुढूनच, कारण हात तिथे सहज पोचतो.

तुमचं पत्र वाचलं आणि मी बॉनेटवरच कान लावून बसल्याचं कळलं. निजून असलेल्या माणसाचा आजार बहुधा पाठीकडे, तळाला बसतो. सिस्टरांच्या मदतीने काकांना कुशीवर केलं. उजवीकडे तळाशी फुफ्फुस यकृतासारखं घट्ट दिसलं, आणि आत हवेचे पांढरे ठिपके, श्वासागणिक सरकणारे. नुसतं मिटलेलं फुफ्फुस असतं तर ते सहसा असे सरकत नाहीत. न्यूमोनियाच. कफ तपासायला पाठवला, अँटिबायोटिक बदललं. पण दोन दिवस वाया गेले, ते माझ्यामुळे. काका यातून उठतील का, हे अजून तीन-चार दिवस सांगता येणार नाही.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
तुमची,
ताई

दि. ७ मार्च

चि. ताईस,
अ. उ. आ.

रागवायला तोंड नाही मला. त्या ट्रकखाली मी शिरलोच नव्हतो. माझी पाठ धरली होती. शिरला ठिणगी, ऐकलं त्यानेच. ट्रकचा मालक आला तेव्हा तो मागे नळावर हात धूत होता, आणि मी छाती फुगवून सांगितलं, माझ्या कानांनी पकडलं. गावभर बोलबाला झाला, गॅरेजवर कानवाला मिस्त्री अशी पाटी रंगली. तो वेल्डिंगचा काळा चष्मा चढवून पुन्हा कामाला बसला.

पंचवीस वर्षं आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. हे पत्र त्याला वाचून दाखव. शुद्धीवर आला की. नाही आला तरी दाखव.

यापुढे कान मिरवणार नाही,
बाबा

दि. १२ मार्च

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

ताप उतरला. काल नळी काढली. आज काकांना पडद्यावर त्यांचं मोकळं होत आलेलं फुफ्फुस दाखवलं, तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, याला आवाज कुठाय? मग मिस्त्रीचं पोट कसं भरणार?

तुमचं पत्र वाचलं. डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, औषधांनी कान बधिर झालेत, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. मग म्हणाले, त्या ट्रकचं तेवढं जरा मोठ्याने, सिस्टरांनाही ऐकू जाऊ दे.

चारदा वाचलंय. पाचव्यांदा तुम्हीच येऊन सांगा, खाटेशी स्टूल ठेवलंय.
तुमची,
ताई