मी धुतलेलं तरट

प्रिय बापू,

आज सकाळी चिंगी राजाच्या नाकासमोरून चालत गेली. पळत नाही हं, चालत! शेपटी वर करून, घराची मालकीण असल्यागत. आणि राजानं काय करावं? भुंकला नाही की झेपावला नाही. एक डोळा उघडला, तिच्याकडं बघितलं, तोंड फिरवलं आणि पुन्हा झोपला. माझी पोळी तव्यावर करपून गेली. हे पळत जाऊन सांगावं असं एकच माणूस होतं, आणि त्याला जाऊन येत्या महिन्यात वर्ष होईल. म्हणून लिहायला बसले.

पण नुसती खुशखबर लिहून पत्र संपवायला माझं मन धजत नाही. त्याच्या आधीचं सगळं लिहावं लागेल.

आई गेल्यावर तुम्ही बिडकीनहून पुंडलिकनगरला माझ्याकडं राहायला आलात, तो दिवस आठवतो का? एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात बाजाराची पिशवी, आणि पिशवीतून चिंगीचं तोंड बाहेर. मी दारातच कपाळाला हात लावला. आत राजा साखळीला हिसके देऊन भुंकत होता. "बापू, घरात एवढं थोराड कुत्रं आणि तुम्ही मांजर घेऊन आलात?" तुम्ही चपला काढता काढता हसलात. "अगं, जन्मभर बैलांच्या जोड्या लावल्या मी. ह्यांचं काय लई अवघड हाय?"

खरंच होतं ते. नवा बैल जुन्याला शिंगं मारायला लागला की आसपासच्या गावातून तुम्हाला बोलावणं यायचं. लहानपणी मी तुमच्यामागं जायची. तुम्ही नव्या बैलाला पहिल्या दिवशी जुन्याच्या शेजारी कधीच बांधलं नाही. आधी गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला. मग ह्याच्या अंगाखालचं तरट त्याच्या अंगाखाली, त्याचं ह्याच्या. मी विचारायची, "आता झाली का जोड?" आणि तुम्ही म्हणायचात, "थांब की गं वावटळ! आधी वासाची ओळख होऊ दे. तोंडओळख मागून."

तेच तुम्ही माझ्या घरात सुरू केलंत. चिंगी मागच्या खोलीत, राजा पुढच्या. पोत्याचे दोन तुकडे केलेत, रोज सकाळी अदलाबदल. बंद दाराच्या अल्याड राजाचं ताट, पल्याड चिंगीची बशी, दोघांचं जेवण एकाच वेळी. पहिल्या दिवशी चिंगीनं तरटाचा वास घेतला आणि असली फुसकारली की मी दचकले. तुम्ही मात्र खूश. "फुसकारू दे. उद्या कमी फुसकारंल."

आणि मी काय करत होते? चिडचिड! चिकलठाण्याच्या कंपनीतून दमून यावं, तर घरात पोत्याचा वास. मागची खोली बंद. कुणी दार उघडलं की तुमची हाक, "हळू, हळू!" मला मेलीला सगळ्याची घाई. दिवसभर पट्ट्यावरून येणारे खोके मोजून तपासणारी बाई मी, माझ्या घरात एक काम बारा-बारा दिवस चालतंय म्हणजे काय!

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी, तुम्ही कोपऱ्यावर दाढी करायला गेलात तेव्हा, मी ती दोन्ही तरटं साबणात भिजवली, घासली आणि वरून फिनेलच्या पाण्यातून काढली. तुम्ही आलात, दोरीवर वाळत घातलेली तरटं बघितली. हात लावून वास घेतलात. माझ्यावर एकदा तरी ओरडायचं होतं, बापू! तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं. पुन्हा पहिल्यापासनं."

पुन्हा पहिल्यापासून! ते ऐकून तर माझं डोकंच फिरलं. पुढच्या रविवारी तुम्ही अंघोळीला गेलात तशी मी चिंगीला उचलली आणि राजासमोर आणली. मोबाइलवर बघितलं होतं ना मी, कुत्रं मांजराला कसं चाटतं ते. दूध-पोळीच्या दोन वाट्या शेजारी शेजारी मांडल्या. म्हटलं, खाता खाता होतील दोस्त.

दोस्त कसले! राजानं झेप घेतली. चिंगी माझ्या खांद्यावरून पडद्यावर, पडद्यावरून खाली, कुठं जाऊ न् कुठं नको. तुम्ही ओल्या अंगानं पंचा गुंडाळून धावत आलात आणि मधे हात घातलात. राजाचा दात तुमच्या मनगटात गेला. फरशीवर रक्त. दवाखाना, सुया. आणि परत आल्यावर, अजून हाताला पट्टी ओली असताना, मी तुम्हालाच बोलले. चूक माझी आणि तोंडही माझंच वर! "या घरात कुत्र्याला जागा आहे, मांजराला नाही. बिडकीनला सोडून या तिला."

तुम्ही पट्टीकडं बघत म्हणालात, "व्हय बाई. तुझं घर हाय."

किती साधं वाक्य. पण अजून जेवताना आठवलं की घास फिरतो तोंडात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही निघालात. पुन्हा तीच पिशवी, चिंगीचं तोंड बाहेर. जाताना राजाच्या अंगाखालचं तरट काढून घेतलंत, त्याच्या डोक्यावरून हात फिरवलात. मला वाटलं, मांजराला बसायला घेताहेत. विचारलंसुद्धा नाही मी. "चार दिवसांत येतो," म्हणालात. मी मान हलवली आणि बसचं तिकीट काढायला सुट्टे पैसे आहेत का, ते विचारलं. एवढीच माझी माया.

चार दिवसांचे दोन महिने झाले. तुमचा फोन यायचा, नेमका माझ्या ड्यूटीच्या वेळेला. एकदा म्हणालात, "आता फुसकारत नाय गं ती. येऊ का?" मी म्हटलं, "मांजर सोडून या, बापू. ठेवते, साहेब आलेत." कसले साहेब? कुणी आलं नव्हतं. खोटं बोलले मी.

नंतर एका सकाळी बिडकीनहून तुमच्या शेजारच्या रझियाखालाचा फोन आला. तुम्ही झोपेतच गेला होतात. चिंगी उशाशी बसलेली होती आणि कुणाला जवळ येऊ देत नव्हती.

दहाव्याला आत्या रडत विचारत होती, "एवढी गुणाची लेक असताना माझा भाऊ एकटा का मेला गं?" सगळ्यांसमोर मी सांगितलं, "काय करणार आत्या, बापूंना शहरात करमतच नव्हतं." दादानं मान हलवली. सगळ्यांनी मान हलवली. वरून "लई केलं गं बापाचं" म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवले! मी ते फिरवून घेतले.

त्याच दिवशी दुपारी रझियाखाला एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. तोंड दोरीनं घट्ट बांधलेलं. आत ते तरट. म्हणाली, "बापू रोज बिल्ली कू इसी बोरे पे खिलाते थे. खाना हुआ की फिर थैली में बांध के रखते, कुत्ते की बास नक्को जाना बोलके. मैं पूछी, ये क्या करते जी? तो बोले, बेटी के घर कू वापस जाना है ना, इसकू आदत पड़ने दो."

बापू! तुम्हाला परत यायचं होतं. मी हाकलून दिलं तरी तुम्ही तिथं बसून माझ्या घरात यायची तयारी करत होतात. आणि मी त्याच सकाळी सांगून मोकळी झाले होते की तुम्हाला करमत नव्हतं. मी खालाच्या अंगावर पडून रडले. लोकांना वाटलं, बापासाठी रडतेय. मी माझ्या खोट्यासाठी रडत होते.

चिंगीला घेऊन आले मी. ह्या वेळी तुमच्या पद्धतीनं, पहिल्यापासून. महिनाभर ती कॉटखालून निघाली नाही. मी दारं बंद ठेवली, तरटं बदलली, दाराच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वाढलं. मग दार बोटभर उघडं, मग वीतभर, राजा साखळीला. तुम्ही म्हणायचात ना, "मांजराला वर जायला वाट ठेव. वाट असली की ते पळत नाय, अन् ते पळालं नाय की कुत्रं मागं लागत नाय." तुमच्या खाटेशेजारी फळी ठोकून घेतली. राजानं तिच्यावरून नजर काढली की लगेच पोळीचा तुकडा. सुरुवातीला दिवसात एखादाच तुकडा जायचा. कितीदा वाटलं, घालावेत दोघांना एका खोलीत आणि मिटवावं एकदाचं! पण तुमच्या मनगटावरची पट्टी आठवायची आणि मी दार लावून घ्यायची.

दहा महिने लागले, बापू. तुम्ही असतात तर दोनच लागले असते. मी धुतलं नसतं तर कदाचित एकच. एक महिना धीर धरला असता, तर आज तुम्ही इथं खाटेवर बसून म्हणाला असतात, "बघ, सांगितलं नव्हतं?" आणि मी म्हटलं असतं, "बरं बाई, जिंकलात तुम्ही."

रागावलात का हो माझ्यावर? एकदा तरी रागवायचं होतं. तुम्ही गप्प बसलात आणि मला वाटत राहिलं की माझंच बरोबर.

आता एक शब्द देते. येत्या महिन्यात वर्षश्राद्धाला दादा, आत्या, सगळे इथं माझ्याच घरी येणार आहेत. पानं वाढायच्या आधी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे की बापूंना शहरात करमत होतं. मीच त्यांना घालवलं, आणि तरी ते परत यायची तयारी करत होते. आत्या माझ्या घरचं पाणी पिणार नाही कदाचित. न पिऊ दे. रझियाखालालाही बोलावलंय, ते तरट घेऊन माझ्या शेजारी बसेन म्हणाली.

आणि तुमचा पंचा, त्या रविवारी गुंडाळलेला. तुम्ही गेलात तेव्हा तो इथंच खिळ्याला राहिला होता. आता तो खाटेवर अंथरलाय. दुपारी त्याच्या एका टोकाला राजा झोपतो, दुसऱ्या टोकाला चिंगी. मळलाय फार. पण मी तो धुतलेला नाही, बापू. धुणारही नाही.

तुमची वावटळ,
मंगल