डाग गेला कसा

९ जानेवारी
डाग वाढलाय! परवा बशीएवढा होता, आज ताटाएवढा. छतावर, बरोबर ह्यांच्या खुर्चीच्या वर. वर धाकट्या भावोजींचं बाथरूम, म्हणजे गळतंय कुठून ते शेंबडं पोरही सांगेल. पण वर जाऊन सांगणार कोण? गच्चीवरची टाकी कोणी धुवायची यावरून उन्हाळ्यात दोघा भावांचं वाजलं, तेव्हापासून अबोला. जिन्यात समोरासमोर आले की दोघेही भिंत न्याहाळतात.
"जाऊन सांगा की," म्हटलं. तर म्हणे, "मी पुसतो डाग." पुसतो!

१२ जानेवारी
डोक्याला रुमाल, नाकाला रुमाल, हातात ब्लीच. डाग जरा फिका झाला. निळ्या विजारीवर मात्र पांढरे ठिपके.

१३ जानेवारी
डाग परत आला.

१७ जानेवारी
रंगाच्या दुकानदाराने सांगितलं, आधी गळती थांबवा, नाहीतर ये रे माझ्या मागल्या. "त्याला काय कळतंय!" म्हणत प्रायमर घेऊन आले. सबंध सकाळ दारासमोर डबा ढवळत बसले होते. छत रंगवायचंय की पंगत वाढायचीय, कळेना.

२५ जानेवारी
डाग नाही! खरंच नाही. आल्यागेल्याला मान वर करायला लावतात. "प्रायमरचे दोन हात. कोणाच्या दारात जावं लागलं नाही!" कॉलर ताठ. मला बाई नवलच वाटतंय.

३० जानेवारी
नवल फिटलं. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर धाकटी जाऊ तिथे. (आमचा अबोला फक्त नवऱ्यांसमोर. त्यांची पाठ वळली की तोंडाचे पट्टे सुरू!) कोपऱ्यात बादली, तांब्या, साबण. विचारलं, तर आधी हसली.
"ताई, हे इथे आंघोळ करतात हल्ली. ह्या गारठ्यात! दादांना डबा ढवळताना पाहिलं ना, तेव्हापासून बाथरूम बंद. म्हणतात, दादाचा रंग वाळू दे. खाली बोलू नका हं, शपथ आहे."
धन्य त्या भावांची! एक जिना चढायचा नाही, दुसरा उतरायचा नाही. मी खूप हसले. मग एकदम भरून आलं.

२ फेब्रुवारी
शपथ मोडली. भावोजींचा खोकला खालपर्यंत ऐकू येतोय आणि हे पाहुण्यांना प्रायमरचं पुराण सांगतायत! पाहुणे गेल्यावर सगळं सांगून टाकलं. वाटलं, माझ्यावरच भडकतील. कुठलं काय! छताकडे बघत बसले. चहा तसाच राहिला.

३ फेब्रुवारी
छत धो धो गळतंय! गळती नेमकी कुठे ते दोघे भाऊ मिळून शोधतायत. वरून भावोजींचा आवाज, "दादा, आता?" आणि खाली स्टुलावर हे, तोंडावर पाणी झेलत, "अजून एक बादली ओत रे!"