तबल्याची जागा

सेंदाई, फेब्रुवारी २००६

सुशांत,

पंधरा दिवसांत येतो म्हणून पुण्याला गेलास आणि साखरपुड्याचा ईमेल पाठवलास. अभिनंदन लिहायला बसले होते. पण हे पत्र काही मी पाठवणार नाही.

काल आपण तिघांनी बसवलेलं गाणं तुझ्याशिवाय झालं. बर्फ उपसणारे शेजारी, गल्लोगल्ली रॉकेल विकणाऱ्या गाडीची धून, ऑफिसातून थकून येणारे तुम्ही लोक, सगळं त्यात होतं. मी गात होते, आबे-सान शामिसेनच्या तारा छेडत होते. तुझ्या तबल्याची जागा आली आणि मी सवयीने थांबले. त्यांच्या जपानी संगीतात शांतताही वाजवतात. मुद्दामच थांबले असं समजून तेही थांबले. आवर्तनभर हॉलमध्ये कुणी हललं नाही.

नंतर सगळ्यांनी त्याच जागेचं कौतुक केलं. आबे-सान म्हणाले, "यापुढे ती रिकामीच ठेवू या."

मी हो म्हटलं. त्यांना कसं सांगू, मला ती रिकामी ऐकूच आली नाही.

अजून मात्रा मोजणारी,
स्वरूपा