‘पांढरी टोपली’ या चित्रपटाचे हक्क कोणाकडे जावेत

मी, सोलांज काव्हालँ, वय एकोणऐंशी, व्यवसाय चित्रपट लिहिणे व काढणे, राहणार फ्रान्समधील गेरांदच्या मिठागरांशेजारी, हे स्वहस्ते लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे, गुडघे नाहीत. दडपण कोणाचेही नाही.

१. राहते घर व सोळा मिलिमीटरचा कॅमेरा बहिणीचा मुलगा लोईक यास. माझ्या पाचही चित्रपटांची मंडळी याच स्वयंपाकघरात जेवली. भिंती खुशाल रंगवाव्यात. चित्रीकरणाच्या दिव्यांच्या धगीने करपलेली तुळई मात्र तशीच ठेवावी.

२. “शेवटी नायिकेचं लग्न लावा, मग पैशाचं बघू,” म्हणणाऱ्या निर्मात्याच्या वारसांना काहीही नाही. त्याला नकार दिला तेव्हा आईने मिठाचे दोन वाफे विकले, म्हणून माझा पहिला चित्रपट झाला.

३. तो चित्रपट, ‘पांढरी टोपली’ (१९७४), मूळ निगेटिव्ह, प्रती व सर्व हक्कांसह ओदील पिशों हिला.

कारण लिहिणे भाग आहे. ओदील माझी बालमैत्रीण. आम्ही दोघींनी डोक्यावरून मीठ वाहिले. नायिका तीच होती, तीही फुकट. एका दुपारी बटाटे सोलता सोलता ती सांगून गेली, की लग्नाआधी झालेले मूल तिने नाँत शहरात दत्तक देऊन टाकले होते. मी ते जसेच्या तसे पटकथेत घातले.

“हे मीच बोलायचं?” कागद हातात धरून तिने विचारले.

“नाव दुसरं आहे गं. कुणाला कळतंय?”

एकाच टेकमध्ये बोलली. पहिल्याच खेळाला सारे गाव समजून चुकले. मला बक्षीस मिळाले. ओदील एकोणपन्नास वर्षे माझ्याशी बोलली नाही. तसे दृश्य मला पुन्हा कधी जमले नाही.

आता पॅरिसची एक कंपनी तो चित्रपट पुन्हा लावू म्हणते. गेल्या रविवारी काठी टेकत ओदीलकडे गेले.

“तो सिनेमा तुझ्या नावावर करतेय. दाखव, नाहीतर जाळ.”

“एवढी वर्षं लागली तुला?”

“लागली.”

तिने खुर्ची पुढे सरकवली, लोणी लावून घावन वाढले. चित्रीकरणात ती मिठाच्या टोपलीसकट घसरून चिखलात बसली होती आणि मी कॅमेरा थांबवला नव्हता, ते आठवून दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. निघताना मला राहवले नाही.

“काय करशील गं त्याचं?”

“शेवट तुला कळायचा नाही, सोलांज. तेवढा माझ्याकडे राहू दे.”

ही अट मला मान्य आहे.

सही: सोलांज काव्हालँ
साक्षीदार: रने तोमा, निवृत्त पोस्टमन; माद्लेन ल गाल, शेजारीण
गेरांद, १२ ऑक्टोबर २०२३