ह्यांच्या खुर्चीवरचं ऊन

२३ नोव्हेंबर, रविवार
ह्यांना अंगणात खुर्चीवर बसवलं, उन्हाला. डाव्या हाताला तेल चोळलं. अंगावरनं वारं गेल्यापासनं सकाळचं ऊन हेच ह्यांचं औषध. ऊन लागलं की बोटं सैल होत्यात, मग बोलत्यातबी. आज म्हणाले, "चा पाणचट हाय." म्हंजे बरं हाय.
शेजारी पुतण्या परकाश घरावर माडी चढवणार. लेकाचं लगीन ठरलंय, खोली पायजेच. मी म्हणलं, "काकांचं ऊन जाईल रं." तर म्हणतो, "काकू, वैशाखात मी सोता बघितलंय. सावली तुमच्याकडं येतच न्हाई." मिल्ट्रीतनं आलेला माणूस, खोटं बोलणार न्हाई. पण माझ्या जिवाला चैन न्हाई.

२६ नोव्हें.
नात आरू, आठवीला हाय, तिला सांगितलं. म्हणाली, "आजी, वैशाखात सूर्य चिंचेवरनं येतो. थंडीत परकाशकाकांच्या घरावरनं, आन् लय खालनं. मोजूया."
पपईच्या पानाचा पोकळ देठ, त्याला कंपासमधला कोनमापक, खाली दोरा. दोऱ्याला वजन पायजे. मी पायातलं जोडवं काढून दिलं. हे बघत होते. "सूर्याला दिलंस व्हय?" म्हणाले आन् हसले, एका गालानं. लय दिवसांनी.
देठाला डोळा लावायचा न्हाई, डोळं जात्यात. देठातनं ऊन तळहातावर पडलं की दोरा कुठल्या आकड्यावर हाय ते वाचायचं. माझ्या हातावर सूर्य पडला, बटनाएवढा. मी मूठ मिटली तर ओरडली, "आजी, धरू नको गं त्याला."

३० नोव्हें., रविवार
आरूनं चौकटीच्या कागदावर घर, माडी, अंगण, आजोबांची खुर्ची काढली. आकड्याप्रमाणं रेघ मारली तर सावली खुर्चीच्याबी पुढं. परकाशला दाखवलं. "कागदाला थंडी वाजती का गं? जमिनीवर दाखव."
म्हणून अंगणात काठी रोवलीय. रोज शाळेच्या आधी सावलीच्या टोकाला चुन्याचा ठिपका. सावली रोज वाढत जाईल, म्हणती. परकाश गुरुवारी बघायला येणार.

४ डिसें., मार्गशीर्षातला गुरुवार
काय सांगू. पहाटे उठले, आज लक्ष्मी मांडायची, अंगण शेणानं सारवलं. झकास, आरशासारखं. आरू उठून आली ती दारातच थांबली.
"आजी, सूर्य पुसलास की."
ठिपके सगळे शेणाखाली. हाताला सवयच ती, बिनसारवल्या अंगणात लक्ष्मी कशी यायची? परकाश आला, बघून म्हणाला, "अंगण मातूर छान केलंय काकू." पोरगी जेवली न्हाई. नारळाची वडी दिली, तीबी तशीच.

७ डिसें.
भाकरी थापताना सुचलं. ठिपके कशाला पायजेत? माडी जेवढी उंच, तेवढा बांबू परकाशच्याच स्लॅबवर उभा करायचा. टोकाला माझ्या लाल लुगड्याची चिंधी. बाकीचं सूर्यच सांगंल. आरूनं माझ्या पिठाच्या हाताचाच मुका घेतला.

१४ डिसें., रविवार
परकाश सोताच बांबू धरून स्लॅबवर. बाजरीची भाकरी खाऊनच आला, निवांत. आरू खालनं, "काका, कडंकडंनं चाला." चिंधीची सावली तुळशीपासनं निघाली, हळूहळू आली, ह्यांच्या गुडघ्यावर, मग छातीवर, मग तोंडावर. ह्यांनी मान वर केली.
"आबाळ आलं काय गं?"
वर ऐकू गेलं. परकाश बांबू धरून तसाच उभा. खाली उतरला, ह्यांच्या पायाशी बसला, त्यांची बोटं चोळत राहिला. जाताना म्हणाला, "मग पोराला ठेवू कुठं, काकू?"
त्याचंबी खरं हाय. नवी सून येणार, तिला काय गोठ्यात ठेवायचं?

१५ डिसें.
सकाळीच विटांचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर इचारतोय, "कुठल्या अंगाला उतरवू?" परकाश सरळ आमच्या अंगणात आला, "आरू, तुझं ते यंत्र दे जरा." पोरीनं देठ दिला, तिसरा हाय हा, पहिलं दोन सुकलं. जोडवं तेच. घेऊन वर गेला. आता स्लॅबवर ह्या कडंनं त्या कडंला फिरतोय, कधी मागच्या अंगाला, कधी पुढं, खोली कुठं बसंल ते मोजत. ट्रॅक्टर खाली चालूच.
मी म्हणलं, "आवं, खुर्ची जरा सरकवू का?"
"र्‍हाऊ दे," हे म्हणाले. "त्याला बघू दे."