बाइंडिंगचं काम

प्रिय ढब्बू,

टायपिंगच्या चुकांना हसू नकोस. डावा हात केव्हाच गेला, उजव्याचं एक बोट तेवढं अजून माझं ऐकतं. लेक बाहेर गेली आहे, ती परत यायच्या आत हे पाठवायचंय.

आपलं बाइंडिंग अजून चालू आहे. एका सर्व्हरच्या पोटात अनेक आभासी मशीन चालवणारी ती लायब्ररी सी भाषेतली, आणि आपल्या ऑफिसात सगळे पायथनवाले. मध्ये दुभाषा हवा म्हणून आपण दोघांनी तो कोड लिहायला घेतला. आठवतं? माझी आई शेजारणीला कौतुकाने सांगायची, पोरगा बाइंडिंगचं काम करतो, आणि एकदा ती बाई फाटलेली पुस्तकं घेऊन दारात हजर! तू ती खरंच शिवून दिलीस. पुढे तू मोठ्या कंपनीत गेलास, मी तेच धरून बसलो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

आता लायब्ररीची नवी आवृत्ती आली की त्यातली नवी फंक्शन पायथनमध्ये लेक आणते. मी पलंगावरून सांगतो, ती टाईप करते. माझी जीभ इतकी जड झाली आहे की डॉक्टरांनाही माझं बोलणं तिलाच विचारावं लागतं. परवा मेमरी कुठे मोकळी करायची ते सांगताना मला ठसका लागला. श्वास अडकला, ओठ निळे पडले. तिने मला कुशीवर वळवलं, कफ ओढायचं मशीन लावून घसा साफ केला, तोंड पुसलं आणि कीबोर्ड पुन्हा पुढे ओढून म्हणाली, "हं बाबा, फ्रीच्या आधी काय?"

तिला हव्या असलेल्या कंपनीने नोकरीला बोलावलं होतं, दुसऱ्या शहरात. "नाही जमणार, घरी काम आहे," असं फोनवर सांगून मोकळी झाली. मी चिडलो, हे सगळं बंद कर म्हणालो, तर तिने जेवणच सोडलं. स्वयंपाकघरात आत्याला सांगताना मी ऐकलं, "आत्या, कोड थांबला ना, की बाबाही थांबतील." तिचं चुकतंय असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

म्हणून तुला लिहितोय. मी आपणहून सोडलं तर तिला वाटेल बाबांनी हाय खाल्ली, आणि ती इथून हलणार नाही. प्रकल्पावर तुझे अधिकार अजून शाबूत आहेत. प्रकल्पाच्या पानावर सगळ्यांदेखत लिही, की हा कोड जुनाट झालाय, लंब्याला आता झेपत नाही, मी ताब्यात घेतोय. माझं नाव काढून टाक. मग तिला घरी धरून ठेवणारं कामच उरणार नाही. मी थोडा भांडल्यासारखं करीन, मग गप्प बसेन. ती मात्र तुझ्यावर तुटून पडेल, पुन्हा कधी काका म्हणून हाक मारायची नाही. तेवढं सोस. आणि मी गेल्यावरही तिला खरं सांगू नकोस.

तुझाच,
लंब्या